कोरा फॅनबेल्ट

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आम्ही ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांपेक्षा जास्त आई कुरकुरते. बाबा सकाळचा चहा गॅरेजच्या दारातच घेतात, घरात येत नाहीत. वहिनीचा खोकला गेला का?

बरं, ढब्बूचं इंजिन पुन्हा उघडलं. बाबांच्या त्या गोलमटोल गाडीचं, मी वर्षभर खपून बांधलेलं. तू सुट्टीत आलास आणि ते पहिल्यांदा सुरू होऊन लगेच जाम झालं, तेव्हा मी आजारी मावशीपाशी होते. परत आले तर तू निघून गेला होतास आणि बाबा म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा चुकल्या तुझ्या. दादाने नुसती चावी फिरवली." तेव्हापासून त्यांनी माझ्या हाती साधा पानाही दिलेला नाही. गॅरेज माझ्याकडे सोपवायचं ठरलं होतं, तो विषयच बंद.

परवा चारही सिलेंडर काढले. रिंगा जिथल्या तिथे. पिस्टन मात्र चारही सारखेच ओरबाडलेले आणि हेड तापून निळं पडलेलं. रिंग चुकली तर एखादा सिलेंडर रडतो रे, चौघं एका सुरात रडत नाहीत. मग फॅनबेल्ट हातात घेतला. कोरा करकरीत! कडेला घासल्याची एक रेघ नाही. तो कधी फिरलाच नव्हता.

या इंजिनाला ना पाणी, ना रेडिएटर. पंख्याची हवा हाच त्याचा जीव, आणि पट्ट्याशिवाय पंखा फिरत नाही. आपल्या घरची रीतही तुला पाठ आहे: इंजिन कोणीही बांधो, पट्टा शेवटी बाबा चढवणार, मगच चावी. म्हणून तर मी तो कपाटात ठेवून गेले होते. शेजारचा शिंपी सांगतो, तू मित्रांना आवाज ऐकवत होतास, ते टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात जाम झालं असणार.

नुसती चूक झाली असती तर मी चार शिव्या घालून पुन्हा उघडलं असतं. पण बिघडल्यावर तू कपाटातून पट्टा काढून चढवलास, आणि मग माझं नाव सांगितलंस. मला वाटत राहिलं, पट्टा बाबांनी चढवला. दादा, फार लागलं हे.

इथवर काल लिहिलं होतं. पुढे लिहिणार होते, की बाबांना तूच खरं सांग. पण राहवेना. पट्टा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाबा, हा तुम्ही चढवला होता?"

"नाही."

"मग दादाने चढवला, हे तुम्हाला कळलं कधी?"

त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच दिवशी. मी न चढवलेला पट्टा मला दिसणार नाही होय?"

"आणि माझ्यावर ढकललंत?"

"तो आधीच या कामात कच्चा. सगळ्यांसमोर त्याचं तोंड उतरलं असतं. तुझं काय, तू घरचीच. तू घेतेस सांभाळून."

तुझ्या वागण्याचं मला रडू आलं होतं. त्यांचं ऐकून तेही आलं नाही. पट्टा टेबलावर ठेवला आणि हात धुतले.

येत्या सोमवारपासून मी पुलापलीकडच्या गॅरेजात कामाला जाणार. मालकीण तुसडी आहे, पण आज माझं काम बघून तिने घेतलं, कुणाची मुलगी म्हणून नाही. ढब्बूचे सुटे भाग पुसून, तेल लावून, फडक्यावर मांडले आहेत. मी ते जोडणार नाही. बाबांनी विचारलं, "मग कोण जोडणार?" मी तेलाची बाटली जागेवर ठेवली. ते पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता आत गेले.

तू येशील तेव्हा आईला आधी कळव. म्हणजे त्या दिवशी मी घरी थांबणार नाही.

तुला लिहिताना शेवटी नेहमी "आशीर्वाद असू दे" असं लिहिते. या वेळी नको.

तुझी बहीण