आमचा पंखा आणि तुमचा रोबो

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून त्या रोबोवर जळते. हसा हवं तर.

विश्वकर्मा पूजेला घरच्यांना तुमच्या भिलाईच्या कारखान्यात येऊ देत, तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहिलं. परदेशातून आलेला, वेल्डिंग करणारा पिवळा लोखंडी हात. मनगटाला झेंडूची माळ, कपाळ नाही म्हणून कोपराला कुंकू. मला वेल्डिंग शिकायचं होतं, पण पोरीची जात, डोळे जातील, म्हणून तुम्ही मला कायम दाराशीच थांबवलंत. आणि त्याला? त्याला चालवायची बटणांची पेटी गळ्यात अडकवून एकेक जागा दाखवत होतात, चुकला की पुन्हा तिथूनच, आवाज न चढवता. मला पाढे शिकवताना इतका धीर कधी धरला होता तुम्ही?

तो काही भिलाईत रुळेना. आपल्याकडच्या प्लेटांमधल्या फटी कधी एकसारख्या नसत. माणूस फट बघून हात वळवतो, हा आपला शिकवलेल्या जागीच टाके घालायचा. वीज खालीवर झाली की मान टाकायचा. त्याला चालवायचं शिकून आलेला इंजिनियर दुसरीकडे गेला, आणि सोबतचे वेल्डर, आपली भाकरी जाईल या धास्तीनं, तुमच्याशी बोलेनासे झाले. तुम्ही एकटेच त्याच्यापाशी. मे महिन्यात त्याचं विजेचं कपाट तापून बंद पडू लागलं, तर आपल्या मोहन नगरच्या घरातला एकुलता एक टेबलफॅन सायकलच्या कॅरियरला बांधून नेलात. आई म्हणाली, "लेकरं घामानं भिजून राहिले, अन् पंखा लोखंडाले?" तुम्ही कपाटाचं दार उघडं टाकून पंखा लावलात. थंड झालं खरं, पण शेडमधली धूळ आत गेली आणि आतलं कार्ड जळलं. नवीन परदेशातून यायचं होतं, ते आलंच नाही. त्याच्यावर ताडपत्री पडली आणि कित्येक दिवस तुम्हाला जेवण गेलं नाही. माझ्या टायफॉइडमध्ये तुम्ही नीट जेवत होतात, हे मी लक्षात ठेवलंय.

रिटायर झाल्यावर तुम्ही अंगणात बसला होतात, तेव्हा मी एकदा विचारलंच, मला का नाही शिकवलं. तुम्ही म्हणालात, "तुले काय शिकवा लागते? तू पाहून पाहून शिकते. त्याले डोयेच नव्हते, माय. हात धरल्याबिगर कसा शिकन तो?"

तुम्ही कौतुकच केलं होतं माझं, कळतं मला. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते: मलाही डोळे नसते तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं.