पत्र्यावरचे सात धोंडे

२३ मे, शुक्रवार

आलो एकदाचे निघोज्याला! परभणीहून निघाल्यापासून तनूने ट्रॅव्हल्समध्ये कुणाचा डोळा लागू दिला नाही. वय चार महिने, आवाज मात्र पाणवठ्यावर भांडणाऱ्या बाईचा. पण खोली मला आवडली. पुढे ओटा, मागे मोरी, वर पत्रा. धनेश चाकणच्या कंपनीत लागून इथे आधीच राहत होता. तेवढ्या काळात त्याने एक शेगडी, एक चादर आणि क्रिकेटची बॅट जमवली. बाप्याचा संसार म्हणजे असाच. मी आल्या आल्या आधी पत्र्याखालच्या आडव्या पाइपाला पाळणा बांधला.

घरमालकीण सोजराबाई इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन कंपन्यांना गेली, उरल्या तुकड्यावर त्यांच्या मुलाने, रोहिदासभाऊंनी, आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी खोल्या काढल्या. आजींनी तनूची दृष्ट काढली आणि म्हणाल्या, "लेकुरवाळी आली, माजं आवार भरलं बघ." मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

२५ मे, रविवार

समुद्रात वादळ उठलंय, गुरुवारी इकडून जाणार म्हणे. धनेश म्हणतो, समुद्र कुठे आणि चाकण कुठे. पण रोहिदासभाऊ सांगत होते, मागच्या वादळात इथले पत्रे थेट मोठ्या रस्त्यावर जाऊन पडले होते. मग काय, मी पदर खोचला. मेणबत्त्या, काडेपेट्या, पोहे, शेंगदाणे, गूळ आणला. आईच्या पद्धतीने दुधातल्या दशम्या करणार आहे, त्या टिकतात. आणि सगळ्यांत आधी पाणी. लाइट गेली की बोअरची मोटर बंद, मग बसा बोंबलत. दोन निळी पिंपं आणून काठोकाठ भरली आणि पाळण्याशेजारी ठेवली, दुसरीकडे जागाच नाही. शेजारची मंजुषा विचारत होती, लग्नघर आहे का तुमचं. हसतील त्यांचे दात दिसतील!

२७ मे, मंगळवार

आज छपराचं काम केलं. पत्र्यावर वजन हवं म्हणून कुणी विटा ठेवल्यात, कुणी जुने टायर. आवाराच्या कोपऱ्यात राडारोड्याचा ढीग आहे, त्यात मला उत्तम धोंडे सापडले. गुळगुळीत, जड, बेताचे. एक काढला तर त्याच्याजवळ दुसरा, मग तिसरा, असे सात निघाले. एकावर लालसर काहीतरी चिकटलं होतं, ते मोरीत घासून काढलं. धनेश शिडीवर आणि मी खालून हुकूम सोडतेय, असा थाट होता. पाळण्यावरचाच पत्रा जास्त खडखडतो, म्हणून सातही तिथेच ठेवायला लावले. सगळ्या रांगेत आमचंच छप्पर देखणं दिसतंय.

२८ मे, बुधवार

तनू सकाळपासून वर बघून हसतेय. आधी मजा वाटली.

मग पाळण्यातलं दुपटं ओलंचिंब लागलं. तिचं म्हणावं तर त्याला शेवाळाचा वास, जुन्या विहिरीत वाकल्यावर येतो तसा. पत्रा तपासला. कोरडा ठणठणीत. पाऊस तर अजून आलाच नाही.

दुपारी वर कुणीतरी चाललं. मांजर असेल म्हटलं, पण पत्रा दबला.

संध्याकाळी सोजराबाई आल्या. त्यांनी वर पाहिलं. धोंडे कुठून आणले विचारलं. मी सांगितलं तशा रडायलाच लागल्या. त्या कोपऱ्यात पूर्वी विहीर होती आणि काठावर साती आसरा होत्या. पाण्यातल्या सात बहिणी. लहान लेकरावर त्यांचा जीव, म्हणून बाळंतीण आधी त्यांची ओटी भरते. आमच्याकडेही हे पाळतात. खोल्यांसाठी विहीर बुजवली, तेव्हा रोहिदासभाऊंनी आईला सांगितलं होतं की आसरा नदीकाठी नेऊन नीट बसवल्या. आजी तेव्हापासून तिथे जाऊन ओटी भरतात. भलत्याच धोंड्यांची! "मी वळखती की त्यास्नी. ह्याच हायेत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. रोहिदासभाऊ मान खाली घालून उभे राहिले.

उद्या सकाळी ओटी भरून उतरवायच्या, असं ठरलं. मला भीती वाटतेय.

२९ मे, गुरुवार

वारा पहाटेच आला. धनेश पहिल्या शिफ्टला गेला तो तिकडेच अडकला. फोन लागत नाही. रोहिदासभाऊ शिडी घेऊन आले, पण पत्रा तोवर उचलला जायला लागला होता. धोंडे काढावेत तर छप्पर तनूवर येणार. ठेवावेत तर—

मीच म्हटलं, राहू द्या. वर बघून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, बायांनो, घर राखा, हवं ते घ्या.

मंजुषाचा पत्रा गेला. तिच्या पलीकडचेही गेले. आमचा त्यानंतर हललासुद्धा नाही. वर कुणी बसून राहावं तसा.

मी आनंदाने रडले.

३० मे, शुक्रवार

वादळ गेलं. रस्त्यावर झाडं पडलीत, धनेश अजून पोचला नाही.

आजींनी विचारलं, नवस काय बोललीस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नवसात वस्तूचं नाव घ्यायचं असतं. नारळ म्हण, साडी म्हण, चांदीचा पाळणा म्हण. "असं मोकळं सोडून न्हाई बोलायचं, पोरी."

मला माहीत होतं! शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घाबरले होते हो मी.

धोंडे उतरवून जुन्या कोपऱ्यात मांडले. खण, नारळ, तांदूळ, माझी लग्नातली साडी. ओटी भरली, नाक घासलं.

घरी आले तर सगळं दारात. साडी ओली. नारळ तसाच. परत केलंय.

३१ मे, शनिवार

तनू दूध पीत नाही. कालपासून थेंब नाही. तरी भूक नाही, रडणं नाही. तोंडाला शेवाळाचा वास.

पिंपं ओतून दिली, दोन्ही. तरी दुपटं ओलं.

धनेशचा फोन लागला. चालत निघालाय. म्हटलं पळत ये.

*

पाळण्यात ठेवत नाही आता. मांडीवर घेऊन बसलेय. बायांनो, मला न्या. नाव घेऊन सांगते, मी, वर्षाली, मला न्या. तिला नको—

उत्तर नाही. वर पावलंही नाहीत. खाली आल्यात का—

डोळा लागू नये म्हणून लिहितेय. मघाशी लागला होता. क्षणभरच. क्षणभरच असेल.

बाहेर आजी ओरडतायत. कोपऱ्यात धोंडे मोजतायत. सहाच भरतात म्हणे. पुन्हा मोजा आजी, पुन्हा—

सहाच.

तनू शांत आहे. माझा एक हात तिच्या पाठीवर आहे. पाठ गार लागतेय. आणि जड, एकदम किती जड झाली माझी—

मी खाली बघणार नाही. धनेश येईपर्यंत नाही बघणार. हात फिरवत राहीन, तिला सवय आहे, हात फिरवला की ती नेहमी थोडी हल—