झाकून ठेवलेलं ताट

लातूर, मंगळवार, दिवेलागणीला

पोरीच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी या भाड्याच्या खोलीत येऊन दीड वर्ष झालं. येताना पुस्तक एकच आणलं होतं, नांदेडला कॉलेजात मला अभ्यासाला असलेली जुनी कादंबरी. तिची नायिका मला तेव्हा अजिबात आवडली नव्हती. नवरा किती महिन्यांनी घरी येतो, आणि ही बाई पडल्या जागेवरून म्हणते, ताट झाकून ठेवलंय. उठतसुद्धा नाही! त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीनं 'निर्दयी' लिहिलं होतं. केवढा राग आला होता.

आज दुपारी हे गावाहून एसटीनं आले, ज्वारीचं पीठ अन् शेवया घेऊन. पोरीचे डबे, पहाटेचा चहा, सराव परीक्षेचे मार्क, सगळं माझ्या अंगात साचलेलं. मी कॉटवरूनच म्हणाले, "ताट झाकून ठेवलंय. घ्या तुमचं तुम्ही."

बोलले आणि माझेच शब्द ओळखीचे वाटले.

हे गपगुमान जेवले. ताटही धुऊन ठेवलं. परतीच्या बससाठी निघाले तेव्हा दारात थांबले. "लई थकलीस का गं?"

"न्हाई."

ते गेल्यावर 'निर्दयी' खोडायला पोरीच्या कंपासमधलं रबर घेतलं. पण आधी सगळं पुस्तक चाळलं. त्या बाईला असं कुणी एकदाही विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असं वाटलं.

मग मला विचारलं, तर मी न्हाई का म्हणाले?