वरच्या मजल्यावरची खिडकी

प्रिय रेश्मा,

तिकीट मोबाईलवर पोचलं. पण माझा मोबाईल घरभर फिरतो, म्हणून हे पाठकोऱ्या कागदावर लिहितेय. हसू नकोस.

जंबो जेट, वरच्या मजल्यावरची खिडकी, शेजारी तू. उंब्रजला शाळेत असताना ठरलेलं आपलं. रविवारी तुमच्या घरी ती अंतराळयानाची मालिका बघायची आणि लगेच माळ्यावर चढायचं. तू कॅप्टन, मी रडारवर. रडार म्हणजे तुझ्या आईची चाळण. तू खरंच विमान कंपनीत लागलीस. चाहत्यांच्या मेळाव्याला अजून तो चंदेरी गणवेश घालून जातेस. मी इथं तासगावला सासूबाईंना पेज भरवता भरवता जुने भाग लावते. त्यांनाही आता सगळे ग्रह पाठ झालेत.

तुमच्या कंपनीची जंबो विमानं एकेक करून निवृत्त होतायत, पुढच्या वर्षी मुंबईला येतील न येतील, असं तू लिहिलंस. इकडून तर कुणाची आडकाठी नाही. पासपोर्ट पूर्वीच काढलाय. हे म्हणतात जा. लेक स्वप्नाली रजा काढून आजीजवळ राहायला तयार आहे. सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "जा की गं, बघून ये तुझं दुमजली इमान. मी काय पळून जातीया व्हय?" सगळे हसले. मीही हसले.

कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. चार वर्षांपूर्वी सासूबाईंची डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मी गणपतीपुढे बोलून गेले, यांना वाचव. त्या आपल्या पायांनी देवळात येईपर्यंत मी तासगावची शीव ओलांडणार नाही. त्या वाचल्या. उठल्या मात्र नाहीत. भाच्यांची लग्नं झाली, मी गेले नाही. घरच्यांना वाटतं मला प्रवास सोसत नाही. नवस फिरवता येतो, असं गुरव म्हणतात. पण देवानं त्याचा शब्द पाळला, मग मी माझा कसा मोडू?

तरीही तुला लगेच नाही म्हणवलं नाही. आठ दिवस तिकीट उघडून बघत राहिले. रोज मी देवाला म्हणते, यांना उठव. काल दिवा लावताना तोंडून निघालं, यांना सोडव. हात तसेच जोडलेले राहिले. प्रवासाला अजून दोन महिने आहेत, हे मी मनात मोजलं होतं, रेश्मा. त्यानंतर पेज भरवताना मला त्यांच्याकडे बघवेना. पत्र हातात पडेल त्याच दिवशी माझं तिकीट रद्द कर.

तुझीच,
अंजना