डाळिंबाच्या मुळाशी ओतलेलं पाणी

श्कोदर,
११ फेब्रुवारी १९९२

प्रिय तेउता,

तुझं पत्र पोचलं, मिकेलेचा फोटोही. मुलगा बरा दिसतो. कान जरा मोठे आहेत, पण ऐकून घेणाऱ्या नवऱ्याला मोठे कान शोभतात. इकडे वीज सकाळी जाते ती संध्याकाळी तोंड दाखवते, आणि पाव मिळाला तर सण. समोरची लिरी आठवते ना, वस्तीच्या कमिटीवाली? आता रोज देवळात मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर असते आणि सगळ्यांत जाड मेणबत्ती तिची. परवा मला म्हणाली, "चिल्येता, झालं गेलं देवाने धुऊन टाकलं गं." मी म्हटलं, "देवाने धुतलं असेल. मी अजून भिजत घातलंय."

आता तुझ्या मुद्द्यावर येते. तिकडच्या बारी शहरातल्या तुझ्या फादरना लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला हवा. तो नसेल तर खबरदारी म्हणून पुन्हा एकदा पाणी घालू म्हणतात. आणि तू लिहितेस, "आत्या, जरासं पाणीच तर आहे, घालू दे की."

जरासं पाणी! मी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि लिहायला बसले.

दाखला नाही. देवळांना कुलपं होती, देवाचं नाव घेणं गुन्हा होता, दाखला काय सरकार देणार होतं? एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही, कारण तुझ्या बापाने माझ्याकडून बेसा घेतली होती, मरेतो पाळायचा शब्द. त्याच्या जिवात जीव असेतो मी तोंड उघडायचं नाही. दिलेला शब्द मोडणारी माणसं आपल्या घराण्यात नाहीत. झेफ नोव्हेंबरात गेला. त्याच्याबरोबर शब्दही पुरला गेला.

तुझी आई तापाने गेली असं तुला सांगितलंय, त्या तापाबद्दलही लिहायचं आहे. ते मागाहून.

तू झालीस त्या जानेवारीत आकाश फाटल्यासारखा पाऊस होता. दोम लाझर आपल्या वस्तीचे पाद्री. देऊळ बंद केल्यावर सरकारने त्यांना गटारं साफ करायला लावलं होतं. ते खांद्यावर फावडं टाकून आले, म्हणजे कुणी विचारलं तर मोरी तुंबली होती. झेफ पाळीवर होता. स्वयंपाकघरात आम्ही तिघं, ते, तुझी आई प्रेन्दा आणि मी, आणि माझ्या हातात तू. त्यांनी जिभेवर मीठ ठेवलं तेव्हा तू असं तोंड केलंस की दोम लाझरना हसू आवरेना. म्हणाले, "ही आत्यावर जाणार." मग सूपच्या वाडग्यावर तुझं डोकं धरून तीनदा पाणी घातलं आणि तुझं नाव ठेवलं, मार्ता. तेउता हे नाव सरकारी कागदासाठी.

ते निघून गेले आणि वाडग्यात खाली साचलेलं पाणी उरलं. ते पाणी पायदळी जाऊ द्यायचं नसतं, झाडाच्या मुळाशी घालायचं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. मी प्रेन्दाला म्हटलं, "अगं, पिऊन टाक, नाहीतर राहू दे तसंच." तुझी आई बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. म्हणाली, "माझ्या लेकीचं पाणी मी शिळं ठेवू?" आणि वाडगा घेऊन अंगणात गेली. धो धो पावसात डाळिंबाच्या मुळाशी तिने ते ओतलं आणि वर छातीवर क्रूस केला.

समोरून लिरी ओरडली, "ए प्रेन्दा! पावसात झाडाला पाणी घालतेस? अक्कल बाळंतपणात गेली का?"

आधी ती हसली. मग तिला आठवलं असणार. तिच्याही आईने तिचं पाणी असंच एका झाडाला घातलं होतं. ती कमिटीत जाऊन सांगून आली.

दोम लाझरना गटारातूनच ओढून नेलं. आम्हा दोघींना घरातून. तुला झेफच्या हातात टाकलं आणि डाळिंब मुळासकट उपटलं. पुरावा म्हणून! मी खोटं सांगत नाही. चार शिपाई एका झाडाला धरून गाडीत चढवत होते.

तुला वाटतं माझी बोटं तंबाखूच्या कारखान्यात गेली. तिथे नाही गेली. कोठडीच्या दाराच्या फटीत तपास करणाऱ्या कॅप्टनने माझा उजवा हात धरला आणि विचारलं, "झाडाला पाणी कुणी घातलं?" मी म्हटलं, "पावसाने." त्याने दार लावलं. "पाद्री आला होता?" मी म्हटलं, "मोरी तुंबली होती." पुन्हा दार लावलं. तिसऱ्यांदा त्याने काही विचारलंच नाही. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काटकीसारखा येत नाही गं, सुकीसारखा येतो. म्हणून हे पत्र डाव्या हाताचं आहे, आणि सिस्टरांनी घटवलेलं माझं वळणदार अक्षर तू कधी पाहिलंच नाहीस.

खटला आपल्याच देवळात चालला. त्याची व्यायामशाळा केली होती. जिथे क्रूस टांगलेला असे तिथे बास्केटबॉलचं कडं. त्याखाली दोम लाझरना उभं केलं. एक डोळा फुटून मिटलेला, मनगटांवर तारेचे वण, बरगड्या अशा मोडलेल्या की श्वास घेताना शिट्टी वाजे. शेजारी सुकलेलं डाळिंब, बाजूच्या बाकावर शिपायांमध्ये मी. लोकांना रांगेने पुढे आणून त्यांच्या तोंडावर थुंकायला लावलं. काही थुंकले. काहींचं तोंडच कोरडं पडलं, त्यांना लाथा बसल्या.

सरकारी वकील गोड आवाजात म्हणाला, "म्हातारबुवा, पोराला नुसतं न्हाऊ घातलं म्हणा. थोडी सजा होईल, संपलं."

दोम लाझर शिट्टीवाल्या श्वासाने म्हणाले, "न्हाऊ घालायला तिची आई आहे. मी बाप्तिस्मा दिला. नाही म्हटलं, तर त्या लेकराला दिलेलं मी परत घेतल्यासारखं होईल."

मग तुझ्या आईला आणलं. लिहिलेला कागद हातात, तोंडासमोर मायक्रोफोन. पाद्रीने आजारपणात मला फसवलं, एवढं वाचायचं आणि घरी जायचं. झेफ पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर तू. भुकेने रडत होतीस. तुझ्या रडण्याने तिला पान्हा फुटून झगा भिजलेला मी पाहिला. तिने एक ओळ वाचली. मग कागद खाली केला.

"हे मी लिहिलेलं नाही. त्यांना मी बोलावलं. पोर माझी आहे. दुसरी झाली तर पुन्हा बोलावीन."

कॅप्टनने तोच मायक्रोफोन उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. तो चालू होता, तेउता. बाहेर चौकात कर्णे लावले होते. दात मोडल्याचा आवाज अख्ख्या वस्तीने ऐकला. लिरीनेही ऐकला.

तुझा बाप उठला नाही. त्याच्या मांडीवर तू होतीस. मी त्याला दोष देत नाही. माफही केलं नाही, तेवढं माझं मन मोठं नाही.

दोम लाझरना गोळ्या घातल्या. कुठे पुरलं ते आजही कुणी सांगत नाही.

प्रेन्दाला माझ्या कोठडीत आणून टाकलं. वाळूच्या पिशव्यांनी पोटावर मारलं होतं, बाळंतिणीच्या पोटावर. खालून रक्त थांबेना. मी झग्याचे बोळे करत होते, ते भिजत होते. जबडा मोडलेला, बोलता येईना. तिने माझा धड हात धरला, त्याचा पसा केला आणि स्वतःच्या डोक्यावर उपडा केला. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "होय गं. बाप्तिस्मा झाला तिचा. मी धरलं होतं. कुणी नाही म्हणणार नाही." तेव्हा तिने डोळे मिटले. तिला ताप नव्हता. तिचं अंग गार होतं.

तुला शाळेत कुणी छळू नये म्हणून झेफने ताप शोधून काढला, आणि भ्यालेल्या वस्तीनेही तोच खरा धरला.

तुझ्या फादरवर माझा राग नाही. त्या भल्या माणसाला दाखले देणाऱ्या देशात जन्म मिळाला. त्यांना सांग, एका साक्षीदाराची शपथ चर्चला पुरते, हे मला सिस्टरांनी शिकवलं आणि त्यांनाही कुणी शिकवलं असेल. साक्षीदार जिवंत आहे. विश्वास नसेल तर मी बोटीने येईन. वाटेत उलट्या होतील, उरलेल्या त्यांच्या पायरीवर करीन आणि मग माझा हात त्यांच्या टेबलावर ठेवीन.

पण तू मान वाकवायची नाहीस. पुन्हा पाणी घेतलंस, तर देवळातल्या त्या दोघांनी खोटं सांगितलं असं तू आपल्या डोक्याने कबूल केलंस. न्हायचं असेल तर समुद्र जवळ आहे, वाटेल तितकं न्हा.

मला उत्तर हवं आहे. खाली कोणतं नाव लिहायचं ते आता तुला कळलं, मार्ता.

तुला दोन्ही धड हातांनी धरलेली
तुझी धर्ममाता
चिल्येता