गालातली गोळी

प्रिय कर्टिस,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, डॅडी बरे आहेत. आत्ता मागच्या पायरीवर बसून ते आपल्या जुन्या बंदुकांच्या क्लबातल्या व्हर्ननला शिव्या देताहेत. त्याने बंदुकीची नळी धुवायला आणलेलं पाणी त्यांना पुरेसं गरम वाटत नाही. "या पाण्यात माझी मांजरसुद्धा अंघोळ करेल," असं काहीतरी चाललंय. जळलेल्या दारूचा, सडक्या अंड्यांसारखा तो वास थेट स्वयंपाकघरात येतोय, तुला आठवतोय ना? मम्मी या वासाला नाक मुरडायची. मी आज खिडकी मुद्दाम उघडी ठेवली आहे. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता. पण पत्र न वाचता फाडणाऱ्यांतला तू नाहीस, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

डॅडींच्या विसरण्याची सुरुवात सप्टेंबरातच झाली होती. तुला आम्ही कळवलं नाही, कारण कळवायचं काय तेच कळत नव्हतं. क्लबातली गाईची घंटा अजून त्याच खिळ्यावर आहे. बंदुकीत दारू भरायला विसरून नुसती गोळी ठासली की दिवसभर ती गळ्यात घालून फिरायचं, हा नियमही अजून तोच. व्हर्ननच्या गळ्यात ती इतक्यांदा पडली आहे की त्याची बायको म्हणते, नवरा हरवायची मला भीतीच नाही. पण डॅडींच्या गळ्यात कधी कोणी पाहिली होती? आधी दारू, मग चिंधीतली गोळी; हे त्यांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. त्या शनिवारी त्यांनी चाप ओढला, गारगोटीची ठिणगी पडली, वाटीतली रंजकीची चिमूटभर दारू भुस्सकन पेटली आणि पुढे काहीच नाही. सगळे खूश! डॅडींनी स्वतःच घंटा घातली आणि हंबरत सगळ्यांभोवती फेरी मारली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तेव्हाही लोक हसले, पण जरा बेताने. तिसऱ्या वेळी कोणीच हसलं नाही. डॅडी घंटेसाठी मान वाकवून उभे होते आणि व्हर्ननने ती हातात घेऊन परत खिळ्याला टांगली. घरी येताना गाडीत डॅडी एवढंच म्हणाले, "घातली असती तर बरं झालं असतं."

तुला आजी आठवते. मेलेल्या गाईला हाका मारत ती अंगणात कशी फिरायची तेही आठवत असेल. मला रोज तेच दिसायला लागलं. डॅडी पेंड आणायला निघाले की अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवून बसायचे. पोट दुखतं म्हणून मक्याचा ब्रेड अर्धा टाकायचे. आणि राग! ज्या माणसाने आपल्यावर कधी आवाज चढवला नाही, त्यांनी बीन्समध्ये मीठ कमी पडलं म्हणून पातेलं सिंकमध्ये आपटलं. मी नदीपलीकडचं ते वृद्धांचं घर पाहून आले. स्वच्छ होतं. पडदेही चांगले होते. भिंतीवर बंदूक टांगलेली चालेल का, असं मी विचारलं तेव्हा तिथल्या बाई अशा हसल्या की मला तिथून निघून यावंसं वाटलं. हे मी डॅडींना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. एका दुपारी त्यांनी पणजोबांची लांब बंदूक भिंतीवरून उतरवली, दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्या हातात दिली. "ने, डेली. नळीचं तोंड कुठल्या बाजूला असतं तेही मला कळेनासं व्हायच्या आत ने." मी ती माझ्या पलंगाखाली ठेवली आणि बरेच दिवस नीट झोपले नाही.

थँक्सगिव्हिंगच्या रात्रीचं शेवटी लिहीन. ते असं मधेच लिहायला जमत नाही मला.

जानेवारीत मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवीन आहेत, तरुण आहेत, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. डॅडी उत्तरं देत होते, पण तोंडातल्या तोंडात. शेवटी बाई म्हणाल्या, "मिस्टर टॅकेट, तोंडात काय आहे?" डॅडींनी शाळेत पकडलेल्या पोरासारखी मान खाली घातली आणि तळहातावर ती काढली. गोळी रे, बंदुकीची! करडी, ओली, दातांच्या खुणा उमटलेली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. डॅडी म्हणाले, "शिसं आहे. पुढची गोळी हाताशी असावी लागते." बाई म्हणाल्या, "हाताशी म्हणालात. ही गालाशी होती. कधीपासूनची सवय?" "लग्नाच्या आधीपासूनची. माझे डॅडीही तसंच करायचे." "आणि आत्ता इथे कशाला ठेवली होती? इथे कोणावर नेम धरणार होतात?" डॅडींनी गोळीवर मूठ मिटली. मग म्हणाले, "बायको गेल्यापासून दिवसभरच असते. तोंड रिकामं ठेववत नाही."

आपण लहानपणी त्यांच्या त्या फुगलेल्या गालाला किती हसायचो! तू सहा वर्षांचा असताना त्यांची नक्कल करायला गेलास, गोळी गिळलीस, आणि ती बाहेर पडेपर्यंत मम्मी तुला नुसते कुस्करलेले बटाटे चारत होती. तेव्हा सगळ्यांना काळजी होती ती घशात अडकण्याची. त्यानंतर नियम झाला, गोळी तोंडात धरायची ती मोठ्यांनीच.

बाईंनी विचारलं, गोळ्या ओतता कुठे? मी म्हटलं, शेडमध्ये, दोन्ही दारं उघडी टाकून. डॅडींनी नजर खिडकीकडे वळवली. घरी आल्यावर मी तळघरात गेले. शेगडी, पळी, साचा, सगळं त्यांनी बॉयलरशेजारी आणून मांडलं होतं. खिडकीच्या फटीत थंडीसाठी चिंध्या कोंबलेल्या. आणि भिंतीलगत मम्मीच्या लोणच्याच्या बरण्या, गोळ्यांनी काठोकाठ भरलेल्या. सात जन्मांत संपणार नाहीत एवढ्या. दोन हिवाळे ते रोज संध्याकाळी तिथे बसून, तो धूर आणि धूळ अंगात घेत, कोणी न मागितलेल्या गोळ्या ओतत होते.

रक्ताचा अहवाल आला तेव्हा मी दुकानाबाहेर गाडीत होते. बाई म्हणाल्या, शिसं खूप चढलंय, विसरणं, पोटदुखी, राग, सगळं त्याच्याशी जुळतंय, उपचार लगेच सुरू करू, बरंचसं परत येईल. सगळं येईल असं वचन मात्र देता येणार नाही. मी फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. वडिलांच्या अंगात विष भिनलंय हे ऐकून आनंदाने रडणारी माझ्यासारखी दुसरी मुलगी असेल का कुठे? एक बाई काचेवर टकटक करून विचारायला लागली, कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही, बाई, कोणीच नाही!

आता ते औषधं घेतात आणि कुरकुरत घेतात. गोळ्या ओतायला बंदी, तोंडात धरायला तर आहेच, नुसता हात लावायलाही. गालात आता पेपरमिंट असतं. रस्ते परत आठवायला लागले, मग क्लबातल्या सगळ्यांच्या कुत्र्यांची नावं. मधूनच एखादा शब्द अजून सापडत नाही, तेव्हा ते बोटांनी टेबल वाजवत थांबतात, आणि मीही थांबते. लांब बंदूक मी परत भिंतीवर लावली. मागच्या शनिवारी ते क्लबात गेले, नेम धरणाऱ्यांच्या मागे हात खिशात घालून उभे राहिले. व्हर्ननने चाप ओढला. भुस्स. पुढे काही नाही. डॅडींनी घंटा काढली, वाजवत वाजवत त्याच्याकडे गेले, "ये गं माझ्या कपिले, गोठ्यात ये!" लोक त्या विनोदाच्या लायकीपेक्षा खूप जास्त वेळ हसत राहिले. व्हर्नन मुद्दामच दारू विसरला होता असा मला संशय आहे. तो कबूल करत नाही.

आता थँक्सगिव्हिंगची ती रात्र. डॅडी बंदुकीची दारू ठेवतात ते शिंग तू चौदा वर्षांचा असताना कोरलंस. त्यावरचं हरीण कुत्र्यासारखं दिसतं, तरी डॅडींनी दुसरं शिंग कधी कमरेला लावलं नाही. ते सापडेना, आणि भरल्या टेबलावर, सगळ्यांसमोर, त्यांनी तुला खिसे रिकामे करायला लावले. तू केलेस. किल्ल्या, पाकीट, शेंगदाण्यांची पुडी, सगळं जेवणाच्या ताटाशेजारी ओळीने ठेवलंस, परत उचललंस, कोट घेतलास आणि परत कोलंबस शहराला निघून गेलास. ते शिंग परवा सापडलं. शेडमध्ये, त्याच्या नेहमीच्याच खिळ्यावर, डॅडींच्या जुन्या अंगरख्याखाली. त्यांनी स्वतःच ठेवलेलं. ते शिंग मांडीवर घेऊन ते कितीतरी वेळ बसले. मी म्हटलं, डॅडी, ते तुम्ही नव्हता, ते शिसं होतं. ते म्हणाले, "शिसं विसरायला लावतं. पोराला चोर म्हण, असं शिसं सांगत नाही." मग म्हणाले, "माझा हात पत्राला वळत नाही, तू लिही. लिही की त्या रात्री मी दारूच्या आधी गोळी ठासली. त्याला कळेल." एवढंच. शिंग त्यांनी दाराजवळ, तुझ्या कोटाच्या खुंटीवर टांगलंय आणि मला पुसूही देत नाहीत. जूनमध्ये क्लबाची मोठी स्पर्धा आहे. त्यांना गोळीला हात लावायचा नाही, म्हणून ते म्हणतात, पोरगा भरेल, मी शेजारी उभा राहून ओरडेन. ये रे. आणि येताना कोटाच्या खिशात पेपरमिंट घेऊन ये. ते तुझे खिसे चाचपतील, या वेळी त्यासाठी.

तुझीच, आणि नेमात अजूनही तुझ्या पुढेच असलेली,
डेलिया