राहण्याची सोय: चांगली

आई, तुला लिहायला बसलं की आधी भाषेशीच अडतं. माझी भाषा तुला पुस्तकी वाटायची, आणि तुझी भाषा मी माझ्या वर्गात चालू देत नाही. संस्कृतच्या तासाला एखादी पोरगी "मॅडम, मले नाही येत" म्हणाली की मी चष्म्यावरून तिच्याकडे बघते, आणि मग फळ्याकडे तोंड करून हसते, कारण तो आवाज तुझा असतो. परवा आमच्या दोन प्राध्यापिका कुठल्याशा परिषदेसाठी परदेशी जाऊन आल्या. स्टाफरूममध्ये तासभर तिथल्या हॉटेलातल्या गाद्यांची निंदा चालली होती. एकीनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही गेला होता का कधी बाहेर?" मी म्हटलं, "एकदा. आईबरोबर. गाद्यांची तक्रार नव्हती." पुढं कुणी विचारलं नाही, म्हणून जे सांगायचं राहिलं ते आता तुलाच सांगते. तुला ते सगळं ठाऊक आहे, शेवटचं तेवढं सोडून.

तू हिवरखेडची, सातवी पास, बाबा गेल्यावर अकोल्याच्या मिशन दवाखान्यात नर्स. आपलं घर म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या आणि डेटॉलचा वास. मी अमरावतीला शाळेच्या बोर्डिंगात होते, आणि संस्कृतचं वेड मला तिथंच लागलं. शाळेतल्या गुरुजींनी मला घरी येऊन शिकायची परवानगी दिली; मात्र घरी म्हणजे ओट्यावर. ते दाराच्या आत पाटावर, मी बाहेर पायरीशी सतरंजीवर, आणि मध्ये उंबरठा. माणूस फार चांगला. शिकवताना त्यांनी हातचं काही राखलं नाही, पण उंबरठाही हलवला नाही. सुटीत घरी आल्यावर मी तुझ्यापाशी कुरकुर केली, तेव्हा तू सूप पाखडता पाखडता म्हणालीस, "ओट्यावर बसून शिकलं तं विद्या का ओट्यावरच राहते काव? घरी घेऊनच येतं ना तू?" आणि पुढचं सूप घेतलंस.

मी मॅट्रिक झाले त्या उन्हाळ्यात तुला नेपाळचं बोलावणं आलं. तो देश बाहेरच्यांना नुकता कुठं उघडला होता, डोंगरातल्या खेड्यांत मिशनला नर्सा हव्या होत्या. तिकडच्या सरकारची अट एकच, औषध द्या, उपदेश करू नका. तू म्हणालीस, "दोन्ही कडूच. एकच देऊ." मला एकटीला मागे ठेवायचं नव्हतं म्हणून मलाही घेतलंस. अकोल्याहून भुसावळ, मग गाड्या बदलत बदलत रक्सौल, आणि तिथून पुढं जिथवर ट्रक जाई तिथवर ट्रक. नंतर पाय. सामानात औषधांची पेटी, एक घोंगडी, ज्वारीचं पीठ आणि जवसाची चटणी. आपण हिंदुस्थानाबाहेर आलो याचा मला केवढा ताठा होता! तू मात्र प्रत्येक चढाला थांबून म्हणायचीस, "हे लोक सपाटीवर काहून नाही राहत?"

राहायचं म्हणजे मिळेल तिथं. कधी धर्मशाळेत, जिथं ढेकणांचा मुक्काम आपल्या आधीचा. कधी मक्याच्या कणसांखाली माळ्यावर, जिथं धुरानं डोळे उघडत नव्हते. पण बहुतेक वेळा कुणाच्या तरी घराच्या पडवीत. पाहुण्यानं पडवीच्या आत यायचं नाही, हा तिकडचा नेम. मला तो समजावून सांगावा लागला नाही. मी ओट्यावर तयार झालेली विद्यार्थिनी.

ती दुपार आता डोळ्यांपुढं आहे. आपल्याबरोबरच्या मिशनच्या डॉक्टरीणबाई पुढच्या गावी गेल्यात, मागे आपण दोघी नि पेटी वाहणारा हमाल. तुला सकाळपासून ताप आहे. गारा पडून गेल्यात, वारा पडवीतून आरपार जातोय, आणि घोंगडीत तुझे दात वाजताना मला ऐकू येतात. घर ब्राह्मणाचं. आत चूल पेटलेली आहे. दाराच्या फटीतून तिचा उजेड तेवढा बाहेर येतो, ऊब येत नाही. घरधनी म्हातारा अर्धवट लोटलेल्या दाराच्या आत बसून श्लोक म्हणत होता. दुसऱ्या चरणापाशी अडला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथंच अडला. मी बाहेरून तो चरण पुरा केला.

म्हातारा उठून उभाच राहिला. मी पुढचा श्लोक म्हटला, त्याच्या पुढचाही. तो हिंदीत म्हणाला, "बेटी, गोत्र कौन सा?" आणि आई, मी गुरुजींचं गोत्र सांगितलं. त्यांच्या संध्येत रोज ऐकून पाठ होतं. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत असे की गुरूचं गोत्र शिष्याला लागतं असं म्हणायला कुठंतरी आधार सापडेल. मी अजून शोधतेच आहे. म्हाताऱ्यानं दार सताड उघडलं. चुलीजवळ कांबळं अंथरायला सुनेला सांगितलं, आणि मी तुझ्या काखेत हात घालून तुला उठवू लागले.

तू उठलीस. पण आत जायला नाही. खांबाला धरून सरळ उभी राहिलीस आणि तुझ्या त्या अकोल्याच्या हिंदीत म्हणालीस, "बाबाजी, हम किरिस्ती हैं. लडकी हुशार है, बामन नहीं है."

तेवढंच. आवाज चढवला नाहीस, माफी मागितली नाहीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. म्हाताऱ्यानं गोठ्याकडे बोट केलं. दार लागलं. गोठ्यात एक गाय होती, तिचं वासरू होतं, आणि वाळलेलं गवत. मला वाटलं, आता तू बेथलेहेमच्या गोठ्याची आठवण काढशील. प्रसंग तसा हातात आयता आला होता. तू म्हणालीस, "गायीच्या अंगानं नीज. ऊब असते." थोड्या वेळानं म्हातारा स्वतः मडक्यात निखारे घेऊन आला, आणि पानाच्या द्रोणात ऊन दूध. दोन्ही उंबऱ्याशी ठेवून गेला. सकाळी तुझा ताप जरा उतरला होता. त्याच्या सुनेचा हात भाजलेला तुला दिसला, आणि तू पडवीत बसून तो धुऊन बांधलास. ती आतल्या बाजूला, तू बाहेरच्या, मध्ये उंबरठा. निघताना म्हाताऱ्यानं माझ्याकडून तो अडलेला श्लोक दोनदा घोकून घेतला, मग तुला म्हणाला, "लडकी को पढाना." तू म्हणालीस, "वहीच तो कर रही."

त्यानंतर दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी उतारावर मी रडत म्हटलं, "आई, तुला ताप होता म्हणून मी…" तू वळून उभी राहिलीस. "ताप मले होता. तू काहून बरळली?"

आजवर मी खंडन-मंडनाचे पुष्कळ ग्रंथ वाचले. एवढ्या कमी शब्दांत प्रतिपक्षाला कुणी आडवं केलेलं मला आढळलं नाही.

अकोल्याला परतल्यावर दवाखान्याच्या मोठ्या मडमेनं दौऱ्याचा छापील कागद भरायला दिला. तुझं अक्षर तुला आवडायचं नाही म्हणून तू सांगत होतीस, मी लिहीत होते. आहार: भात, मका. प्रवास: पायी. मग आलं, राहण्याची सोय. तू म्हणालीस, "चांगली."

"आई, गोठा होता."

"मंग? कोरडा होता. गाय गरीब होती. लिव्ह, चांगली."

मी लिहिलं. मडमेच्या बंगल्यातला पंखा त्या आठवड्यात बंद होता आणि ती फार त्रासली होती. तिला तो रकाना वाचून बरं वाटलं असणार. पुढच्या महिन्यात मी कॉलेजात गेले तेव्हा तू अमरावतीला येऊन मला जुन्या बाजारातून संस्कृतचा जाडजूड शब्दकोश घेऊन दिलास. पहिल्या पानावर तुझ्या त्या नावडत्या अक्षरात माझं सबंध नाव लिहिलंस, बाप्तिस्म्याचं, बापाचं, आडनाव, आणि खाली 'हिवरखेड'. म्हणालीस, "ज्याचं पुस्तक त्याचं नाव. दुसऱ्याचं नको सांगू." तो कोश आज माझ्या टेबलावर आहे. पोरी उघडतात तेव्हा पहिलं पान आधी दिसतं, आणि मी मुद्दाम दिसू देते. माझ्या गुरूंची यादी विचारली तर मी हल्ली तुझ्यापासून सुरू करते. लोकांना तो विनोद वाटतो.

तू गेलीस तिकडचं पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी आता जे लिहायचं ते मी टाकलं नसतं. कॉलेजात नोकरी लागली तेव्हा अमरावतीत मी एक खोली घेतली, आठवतं? खिडकी, नळ, दारात पारिजातक. घरमालकीणबाईंनी माझं संस्कृत ऐकलं, माझ्या आडनावावरून काही कळत नाही, आणि त्या कौतुकानं म्हणाल्या, "आपल्यातल्याच दिसता." मी हसले. नुसती हसले. कोश त्या वर्षी ट्रंकेत होता. तू कुणाकडून तरी पत्र लिहून घेऊन कळवलंस की खोली पाहायला येते, चटणी घेऊन. मी उलट टपाली कळवलं की येऊ नकोस, जिना फार उभा आहे, तुला झेपायचा नाही. तू 'बरं' म्हणून कळवलंस. नेपाळचे डोंगर चढलेली बाई. पुढं मी ती खोली सोडली, पण तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

जिना अकरा पायऱ्यांचा होता, आई. आणि मला ताप नव्हता.